चुन्याची फुली

हातपंप बंद पडला की गावातून एकच निरोप यायचा, बोरिंगचं पाणी गेलं. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत तेहतीस वर्षं मी हातपंप दुरुस्तीच्या पथकात काढली, आणि हा निरोप किती वेळा घेतला याची गणती नाही. जीप थांबेपर्यंत माणसं गोळा झालेली असायची आणि प्रत्येकाकडे कारण तयार असायचं. कुणी म्हणे जमिनीतलं पाणी आटलं, कुणी म्हणे खालच्या वाडीनं खोल बोअर मारून ओढून घेतलं, एका म्हाताऱ्यानं तर दोष नव्या सुनेच्या पायगुणावर टाकला होता. मी काही न बोलता दांडा दोन-तीनदा खालीवर करायचो. हाताला भार लागला नाही की समजायचं, पाणी आहे तिथंच आहे, वॉशर गेला आहे.

ज्यांनी हे यंत्र रस्त्यावरून जाताना नुसतं पाहिलं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर दिसतं ते पंपाचं डोकं आणि दांडा. खरा पंप जमिनीखाली शंभर-दीडशे फुटांवर पाण्यात बुडालेला असतो, हातभर लांबीचं पितळी नळकांडं. दांडा खाली दाबला की आतल्या सळया वर उचलल्या जातात आणि नळकांड्यातला दट्ट्या पाणी वर ढकलतो. त्या दट्ट्याला वाटीच्या आकाराचे रबरी वॉशर असतात. ते झिजले की दांडा मोकळाच हलतो. तळहातावर मावणाऱ्या त्या वस्तूसाठी दहा-दहा फुटांचे लोखंडी पाईप एकेक करून वर ओढायचे, उघडायचे, वॉशर बदलायचा आणि पुन्हा सगळं खाली सोडायचं. चार माणसांचं काम. त्यात कुणाचा हात सुटला तर पाईप बोअरमध्ये पडतो, आणि मग गाव तुम्हाला जेवायला विचारत नाही. माझ्या हातून तो दोनदा सुटला आहे. दोन्ही गावांत अजून माझी आठवण काढतात, पण चांगल्या शब्दांत नाही.

यातलं एक काम मात्र कधीच आमच्याकडे नव्हतं, ते म्हणजे जागा ठरवणं. भूजलवाले साहेब यायचे, यंत्रं लावून जमीन बघायचे आणि जिथं पाणी लागेल असं वाटेल तिथं चुन्याची फुली मारायचे. बहुतेक गावांत अशा दोन-तीन फुल्या पडायच्या. त्यातल्या कोणत्या फुलीवर बोअरची गाडी उभी राहणार, ते काही पाणी ठरवत नसे. ते गावातल्या वजनदार माणसांच्या ओट्यावर ठरायचं. आम्ही मेस्त्री लोक मागाहून जाणार, पंप बसवणार, बिघडला की उघडणार. पंप इथंच का आणि तिथं का नाही, हे विचारणं आमच्या कामात बसत नव्हतं.

मी तुडीलच्या बौद्धवाडीतला. चवदार तळ्याची गोष्ट आमच्याकडे शाळेत जायच्या आधी पाठ असते, त्यामुळे पाणी कुठं आहे यापेक्षा ते कुणाच्या दारात आहे याकडे माझी नजर आधी जाते. लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला जायचो तेव्हा एका नाक्यावरच्या चहाच्या टपरीत आमचे कप वेगळे असत, बाहेर वाशाला अडकवलेले. प्यायचा, विसळायचा, परत अडकवायचा. तो कप मी हातात घेतलेला आहे. पुढं ती टपरी गेली, मालकाचा नातू माझ्या मुलाबरोबर एका बाकावर शिकला, पण नजरेला लागलेली सवय गेली नाही. हे मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या सवयीत आहे.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. आंबेनळी घाटाच्या अलीकडे पोलादपूर तालुक्यात एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथं दिवाळी अंक वाचणारी माणसं आहेत. गावाला पंप एकच, देवळासमोर. आम्ही सकाळी पाईप उपसले, वॉशर बदलला आणि दुपारी पाणी चालू केलं. बायकांची रांग लागली. रांगेपासून वीसेक पावलांवर एका दगडावर एक बाई हंडा घेऊन बसली होती. सकाळी आम्ही आलो तेव्हाही ती तिथंच होती. मी ओळखलं, ही आपल्यातली, इथल्या बौद्धवाडीतली. तिचं नाव धोंडाबाई. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, म्हणून मी काकी म्हणून हाक मारली. या काकी, भरा, म्हटलं. ती हलली नाही. रांगेतल्या बायकाही हलल्या नाहीत. ओट्यावर एक गृहस्थ बसले होते, गावातले वजनदार, पण आवाज अगदी मऊ.

"अवो मेस्त्री, तिला कुनी अडवलंय?" ते म्हणाले. "भरंल की ती."

खरंच कुणी अडवलेलं नव्हतं. शेवटच्या बाईची कळशी भरेपर्यंत धोंडाकाकी दगडावर बसून राहिली. मग उठली, हंडा भरला आणि उतारानं वाडीकडे गेली. अजून दोन गावं राहिली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी जाऊन जीपमध्ये बसलो. पोलादपूरला पोचेपर्यंत मनाशी एक पक्कं केलं. जन्मात कधी चुन्याची फुली माझ्या हातात आली, तर ती गावाबाहेर बसवलेल्या माणसांच्या दारात मारीन. राग फार आला होता, आणि राग आला की आपल्याला सगळं स्वच्छ दिसतंय असं मला वाटतं.

नोकरी संपली तरी फुली काही हातात आली नाही. पंप दुरुस्त केले, पावसाळ्यात कशेडी घाटात दरड कोसळली की अलीकडे जीपमध्ये बसून राहिलो, सत्काराला शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी आलो. वर्षभरात एक फोन आला. पूर्वी आमच्या जिल्ह्यात असलेले भूजलाचे एक साहेब आता आफ्रिकेत होते, झांबिया नावाच्या देशात, खेड्यांना पाणी देणाऱ्या एका संस्थेत. तिथं गावोगाव आपल्याकडचाच पंप बसवलेला होता, तोच दांडा, तेच वॉशर. त्यातले बरेच बंद. पुस्तकी इंजिनियर त्यांना मिळत होते, पाईप हातात धरून शिकवणारा माणूस मिळत नव्हता. माझी बायको सुनंदा अंगणवाडीत होती, तिची नोकरी अजून शिल्लक होती. ती म्हणाली, जा, घरी बसून मोरीच्या नळाचे वॉशर बदलत बसाल, त्यापेक्षा बरं. मी गेलो.

पहिले दोन महिने मला काही म्हणता काही कळलं नाही. माझं इंग्रजी सुट्या भागांपुरतं. सिलिंडर, चेन, बेअरिंग, नट, बोल्ट, एवढ्या शब्दांत भूक लागली आहे हे सांगता येत नाही. डेव्हिसन नावाचा तिथला मेकॅनिक माझा जोडीदार होता, चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. इंग्रजी आणि तिथली न्यांजा भाषा दोन्ही बोलायचा. माझं तुटकं बोलणं तो गावकऱ्यांना नीट वाक्यांत करून सांगे. मी दोन शब्द बोलायचो, तो दहा मिनिटं बोलायचा. त्यात माझं किती आणि त्याचं किती, देव जाणे. तिकडं आदरानं नावाआधी बा लावतात, म्हणून मी बा सुरेश झालो.

लाल माती, आंब्याची झाडं, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायका. क्षणभर वाटे आपण पोलादपुरातच आहोत, आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी असं काही करी की मी पार गोंधळून जाई. बायका मोठ्या माणसाला नमस्कार करताना गुडघे टेकून बसत आणि हलकेच टाळ्या वाजवत. आमच्यात एक मुलगी संडासांचं काम बघायची. ती एकदा रडकुंडीला आली होती. एका घरी नवा संडास बांधून दिला, तर घरातला जावई रानातच जात होता, कारण सासू जिथं जाते तिथं जावयानं जायचं नाही. मी तिला पोलादपूरच्या एका काकांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांना संडास बांधून मिळाला, त्याला त्यांनी कुलूप घातलं. गणपतीला मुंबईचे पाहुणे आले की कुलूप निघायचं, बाकी वर्षभर घरची माणसं ओढ्याकडे. ती पोट धरून हसली. तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता त्या गावाकडे येतो. गावाला पंप नव्हता. कोरड्या ओढ्याच्या पात्रात वाळू उकरून खड्डा, म्हणजे आपल्याकडचा झिरा, करायचा आणि त्यात झिरपेल ते पाणी वाटीनं गोळा करायचं, एवढीच सोय. ते पाणी आम्ही तपासलं. एका छोट्या बाटलीत भरून ठेवायचं, दोन दिवसांत काळं झालं तर त्यात घाण आहे असं समजायचं. हीच बाटली आम्ही महाडलाही वापरायचो. तिथली दुसऱ्याच दिवशी डांबरासारखी झाली.

त्या झिऱ्यावर मला एस्नार्ट भेटली. साठीच्या पुढची विधवा, लग्न होऊन बाहेरगावाहून आलेली. नवरा गेला, मुलगी गेली, दोन नाती सांभाळत होती. धाकटीचं पोट सारखं जायचं, अंगावर मांस नव्हतं. एस्नार्टचे दोन्ही गुडघे सुजलेले. तिला ओणवं होता येत नव्हतं, म्हणून ती वाळूत पाय पसरून बसायची आणि एका हाताच्या अंतरावरून वाटीनं पाणी काढायची. एक बादली भरायला तिला अर्धी सकाळ लागायची. मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं, ही बाई आणि तिची नात या झिऱ्यावरून उठल्या पाहिजेत.

जागा बघणारे आमचे साहेब तेव्हा मलेरियानं आडवे झाले होते. आजारी पडायच्या आधी त्यांनी दोन ठिकाणं काढून ठेवली होती, दोन्हीकडे पाणी लागणार होतं. एक गावाच्या मधोमध, शाळेजवळ. दुसरं गावापासून तुटक असलेल्या पाच-सहा घरांपाशी, वहाळाच्या, म्हणजे त्याच कोरड्या ओढ्याच्या, पलीकडे. बोअरचं मशीन एकच दिवस मिळणार होतं आणि तिथून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होतं. साहेब फोनवर म्हणाले, सुरेश, गावाशी बोलून तूच ठरव.

सभा एका मोठ्या आंब्याखाली भरली. मुखिया मध्ये बसला, म्हातारा आणि शांत माणूस. गाव त्याच्याभोवती दाटीवाटीनं. आणि सगळ्यांपासून लांब, दुसऱ्या झाडाखाली, वेगळ्या चटईवर सात-आठ माणसं. ती उशिरा आली. कुणी त्यांच्या शेजारी गेलं नाही, कुणी त्यांना खेटून बसलं नाही. मग मक्याची आंबील आली. गावासाठी भोपळ्याचं एक भांडं हातोहात फिरलं. त्या लांबच्या माणसांना वेगळ्या भांड्यातून दिली, आणि त्यांचं भांडं गावात परत आलं नाही, तिथंच झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं. माझ्या हातातली आंबील तशीच राहिली. वाशाला अडकवलेला कप इतक्या वर्षांनी मला समोर दिसला. त्यांची घरं कुठं, एवढंच मी डेव्हिसनला विचारलं. वहाळाच्या पलीकडे, तो म्हणाला. झालं. याहून जास्त मी काही विचारलं नाही. आपल्याकडे हे कुणी तोंडानं विचारत नाही, ओळखतात.

मनात हिशेब जुळला. त्या तुटक घरांपाशी पंप बसवला तर त्यांची मान वर होईल, आणि एस्नार्टच्या झोपडीपासून ती जागा शाळेपेक्षाही जवळ. मी उभा राहून विचारलं, पंप पलीकडच्या घरांपाशी बसवला तर चालेल का? मुखिया जमिनीकडे बघत हो म्हणाला. गाव हो म्हणालं. मागं बसलेल्या बायका गप्प राहिल्या, त्यात एस्नार्टही होती. ही शांतता माझ्या ओळखीची होती. मागची माणसं गप्प बसली की समजायचं, त्यांना हवं आहे पण बोलायची हिंमत नाही. मी त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं.

शाळेच्या भिंतीसाठी चुना आणलेला होता, त्यातला मूठभर घेतला. वहाळ ओलांडून गेलो आणि माझ्या हातानं फुली मारली. दुसऱ्या दिवशी मशीन आलं, दुपारपर्यंत पाणी लागलं, स्वच्छ आणि भरपूर. मी सुनंदाला फोन लावला आणि मला बोलता येईना. ती म्हणाली, अहो, काय झालं, पडलात की काय. मी म्हटलं, पडलो नाही, फुली मारली. तिला काहीच समजलं नाही, तरी तिनं बरं केलंत म्हटलं.

तीन आठवड्यांनी पंपाचा ओटा बघायला आणि वॉशर बदलायला शिकवायला आम्ही पुन्हा गेलो. ओट्यापाशी त्या घरांतल्या दोन बायका निवांत पाणी भरत होत्या. रांग नव्हती. मला बरं वाटलं. परत येताना ओढ्यात नजर गेली तर एस्नार्ट वाळूत पाय पसरून बसलेली, हातात वाटी. मी तसाच पात्रात उतरलो आणि डेव्हिसनला म्हटलं, विचार हिला, पंप बंद असतो का? ती बराच वेळ बोलली. डेव्हिसन खाली बघत सांगू लागला.

"ती म्हणते, पंप चांगला आहे, पाणी गोड आहे. पण त्या अंगणात शिरायचं तर आधी गुडघे टेकायचे, टाळ्या वाजवायच्या आणि ऊठ म्हणेपर्यंत तसंच बसायचं. माझे गुडघे एकदा टेकले की परत उठत नाहीत."

कुणापुढं गुडघे टेकायचे, मला कळेना. डेव्हिसननं मला सावलीत बसवून सगळं सांगितलं. तिकडं मुखियापद मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जातं. वहाळापलीकडची घरं मुखियाच्या बहिणीची. उद्याचा मुखिया तिथं राहतो, गावाची जमीन कुणी कसायची ते तिथं ठरतं. ती माणसं लांब बसली होती ती मानानं. भांडं वेगळं होतं तेही मानानं, त्यांच्या भांड्याला दुसऱ्यानं तोंड लावायचं नसतं म्हणून. मी विचारलं, मग तू मला सांगितलं का नाहीस? तो गोंधळून म्हणाला, बा सुरेश, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. बाहेरून येणारा प्रत्येक जण मोठ्या घरालाच खूश करतो. आम्ही म्हटलं, हा भारतीय माणूसही हुशार आहे.

मी हुशार ठरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा फुली हातात आली आणि मी ती गावातल्या सगळ्यात मोठ्या ओट्यापुढं मारून मोकळा झालो होतो. स्वतःला शिव्या द्यायच्या तर कोणत्या द्यायच्या, तेही समजेना.

दुसऱ्या दिवशी मी मुखियाच्या बहिणीकडे गेलो. भारदस्त बाई, वागायला चांगली. तिनं मला बसायला स्टूल दिलं, भाजलेलं कणीस दिलं. मी एस्नार्टचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक वाक्य बोलली. डेव्हिसननं त्याचं भाषांतर केलं, तिला कुणी अडवलं आहे? मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की हेच म्हणाली का. हेच, तो म्हणाला.

बोअर काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मशीन गेलेलं होतं. जे मला जमण्यासारखं होतं ते मी केलं. पोलादपूरच्या डोंगरात झऱ्याभोवती बांधकाम करून वर झाकण घालतात, तसं एस्नार्टच्या झिऱ्याला करायचं ठरवलं. रस्त्याखालच्या मोरीच्या कामातून उरलेल्या सिमेंटच्या तीन कड्या मिळाल्या. त्या वाळूत उतरवल्या, वर झाकण बसवलं, दोरीला बादली बांधली आणि तिला बसून पाणी काढता यावं म्हणून शेजारी एक दगड लावला. औषध टाकून पाणी तपासलं. बाटली दोन दिवस पिवळीच राहिली, काळी पडली नाही. नातीचं पोट जायचं थांबलं. एस्नार्टनं माझे हात हातात घेतले तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघवेना. मुदत संपली आणि मी परत आलो. पहिल्याच पुरात कड्या कलंडल्या आणि झाकण वाहून गेलं, असं डेव्हिसननं नंतर कळवलं. एस्नार्ट पुन्हा वाळूत बसते.

घरी आल्यावर बरेच दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. तिकडचे हत्ती पाहिले का, एवढंच लोक विचारायचे, त्यामुळे सोपं गेलं. शेवटी एकदा सुनंदापुढं सगळं बोललो. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "अहो, पण तुम्ही त्या बाईला विचारलं होतंत का, तुला कुठं हवा म्हणून?"

विचारलं नव्हतं. सभेत सगळ्यांना मिळून विचारलं होतं, तिला एकटीला नाही. आणि तिथंच बसल्या बसल्या दुसरं काही लक्षात आलं. धोंडाकाकीलाही मी विचारलं नव्हतं. जिच्यासाठी इतकी वर्षं मनात राग बाळगला, तिच्याशी मी काकी, या, भरा, याच्यापुढं एक शब्द बोललो नव्हतो.

दोन दिवसांनी एसटीनं पोलादपूरला गेलो आणि तिथून रिक्षानं त्या गावी. धोंडाकाकी आहे. ऐंशीच्या पुढं गेली, कमरेत वाकली, कान आणि जीभ मात्र तिखट. आता तिच्या दारात नळ आहे, दिवसाआड पाणी येतं. देवळासमोरचा पंप गंजून उभा आहे, त्यावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मी कोण हे सांगितलं. तिला दुरुस्तीचा तो दिवस आठवत नव्हता. असे कितीतरी दिवस बसलेय रे त्या दगडावर, म्हणाली. मी विचारलं, काकी, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं असतं, पंप कुठं हवा, तर काय सांगितलं असतंत? आपल्या वाडीतच ना?

"वाडीत कशाला?" ती म्हणाली. "व्हती तिथंच बरी व्हती. देवळाम्होरं सावली हाय, चार बायका भेटत्यात. मला बोरिंग नको व्हती रे, मला नंबर हवा व्हता. हंडा रांगेत ठेवायचा नि माजा नंबर आला की भरायचा. वाडीत आनून दिली असती तर मंग झालंच. मंग मला रांगेत कोन घेनार व्हतं?"

तिनं चहा केला, दोघांना एकसारखे दोन कप. चवदार तळ्याच्या तालुक्यातला माणूस मी. तळं तिथंच होतं आणि माणसं तिथं चालत गेली होती, ही गोष्ट लहानपणापासून पाठ असून मी इतकी वर्षं वेगळ्या पंपाचं स्वप्न बघत होतो. की माझंही बरोबर होतं? तहानलेल्या बाईनं नंबराची वाट किती वर्षं बघायची? परतीच्या वाटेवर या दोन्ही गोष्टी डोक्यात फिरत राहिल्या आणि मला एकीचीही बाजू घेता येईना.

घरी येऊन डेव्हिसनला निरोप पाठवला. आता काय उपयोग, हे कळत होतं, तरी पाठवला. एस्नार्टला विचार, तुला पंप कुठं हवा होता.

आठवड्यानं उत्तर आलं. एस्नार्ट आधी खूप हसली म्हणे. मग तिनं विचारलं, बा सुरेश आता विचारतो आहे, म्हणजे दुसरा पंप येणार आहे का? येणार असेल तर ती नीट विचार करून सांगेल. घाईत सांगणार नाही, मागच्या वेळी घाई झाली होती.

दुसरा पंप येणार नाही. संस्थेचं त्या भागातलं काम संपलं आहे, साहेब दुसऱ्या देशात गेले आहेत. हे मला माहीत आहे आणि डेव्हिसनलाही. तरी नाही हा एक शब्द लिहायला मी फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. खोटी आशा लावल्याबद्दल सुनंदा माझ्यावर चिडली आहे, आणि तिचं बरोबर आहे.

परवा डेव्हिसनचा पुन्हा निरोप आला, सोबत एक फोटो. एस्नार्टनं जागा ठरवली आहे. झिऱ्याच्या वरच्या अंगाला, गावातल्या तीन वाटा मिळतात तिथं. ते कुणाचंच अंगण नाही. खाली पाणी आहे की नाही, ते कुणी बघितलेलं नाही. चुना मिळाला नाही, म्हणून ती चुलीतली राख घेऊन गेली आणि तिनं तिच्या हातानं फुली मारून ठेवली आहे.